मटूक, लेबा, पिदळ

सोमवार, ४ ऑगस्ट

चाळीस शिक्षक, बावीस खुर्च्या. उरलेले लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. प्रशिक्षणाचा पहिला दिवस असाच जायचा!

सुरुवात नेहमीप्रमाणे पडद्यावरच्या 'दोन वेण्या'च्या फोटोपासून. अकरा वर्षांपूर्वी मी वर्गावर होते तेव्हाची ही मुलगी. संशोधनातून आलेली ही पद्धत मी पहिल्यांदा त्या वर्गावर वापरली — चित्र बघून अंदाज नाही, धडा पाठ नाही, अक्षराचा आवाज ओळखायचा आणि आवाजाला आवाज जोडत शब्द वाचायचा. वर्षाअखेर दोन वेण्यांनी वीसपैकी वीस शब्द वाचले. तिच्या वर्गाच्या त्या निकालावर हा सगळा कार्यक्रम उभा आहे.

मागून एक सर म्हणाले, "आली नवी पद्धत. मागची अजून कपाटात तशीच आहे." सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

बुधवार, ६ ऑगस्ट

आज चाचणी समजावली. खरे शब्द दिले की मुलं ओळखीवर भागवतात. म्हणून बनावट शब्द द्यायचे — मटूक, लेबा, पिदळ — ज्यांना अर्थच नाही. कधी न पाहिलेला शब्द मुलाने वाचला, म्हणजे त्याला खरंच वाचता येतं. उदाहरण म्हणून आमच्या यादीतले वीसच्या वीस शब्द फळ्यावर लिहिले आणि चाळीस माना खाली गेल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच सगळे लिहीत होते! पहिल्या बाकावरच्या बाईंनी तर पट्टी काढून लाल चौकट आखली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, पण एक मिनिट उशीर नाही, एक जांभई नाही. मला फार बरं वाटलं.

शनिवार, ९ ऑगस्ट

ताईकडे गेले होते. तिची ठमी तिसरीत आहे आणि तिला वाचता येत नाही. लिहायलाही लाज वाटते. अख्खं गाव वाचायला शिकवायला निघालेली मावशी! पुस्तक उघडून पोरगी घडाघडा म्हणते, पण बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या.

ताई शिकवणी लावायला निघाली होती. मीच अडवलं. पहिल्या बाकावरच्या बाई म्हणजे ठमीच्याच वर्गशिक्षिका. "डिसेंबरपर्यंत थांब," म्हटलं, "माझा शब्द."

ताई म्हणाली, "चौथीत गेली की संपलं गं. तिथे कोण मागे वळून शिकवणार तिला?"

दिलाय शब्द. आता तोंडघशी पडू नये म्हणजे झालं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

पाच वर्गांना भेटी. पाचही ठिकाणी माझा तक्ता भिंतीवर आणि मुलं जुन्याच चालीवर. तक्ते मात्र झकास चिकटवलेत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावलं. समोर बसायलाही सांगितलं नाही. "यंदा निकाल दिसला नाही तर कार्यक्रम गुंडाळायचा." मी म्हटलं, चाचणीचे शब्द तरी बदलू या, अकरा वर्षं तीच यादी चाललीय. "मग मागच्या वर्षांशी तुलना कशी करणार? बदलायचं नाही."

मीही फार ताणलं नाही. चुकलंच माझं.

सोमवार, १ डिसेंबर

ब्याण्णव टक्के!! मी दोनदा बेरीज केली. मुलं समोर येत होती, हाताची घडी घालत होती आणि धाड धाड वाचत होती. ठमी वीसपैकी वीस! ताईला तिथूनच फोन केला. ताई नुसती नाक ओढत राहिली. संध्याकाळी चालत घरी आले, बसची आठवणच झाली नाही. अकरा वर्षांत असा दिवस नव्हता.

शनिवार, ६ डिसेंबर

लिहून टाकते.

ताईच्या अंगणात ठमी दोरीवरच्या उड्या मारत होती. प्रत्येक उडीला एक शब्द. "मटूक, लेबा, पिदळ, नबूत, दाफी..." वीसच्या वीस, त्याच क्रमाने. संपले की पुन्हा मटूकपासून.

"हे कुठे शिकलीस गं?"

"शाळेत. रोज हजेरी झाली की म्हणतो आम्ही. अर्थपण दिलेत बाईंनी. मटूक म्हणजे छोटं मडकं. लेबा म्हणजे आळशी."

वही आणून दाखवली. वाक्यात उपयोग करा — 'लेबा माणसाला यश मिळत नाही.' खाली बाईंची बरोबरची खूण! मला हसू आलं. खरंच आलं. मग मी तिच्याकडून पेन मागून घेतलं.

कागदावर पाच नवे शब्द लिहिले. तसेच बिनअर्थाचे, दोन-दोन अक्षरांचे. ठमीने कागद हातात घेतला. पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. मग माझीच समजूत काढल्यासारखी म्हणाली, "मावशी, हे अजून आम्हाला घेतलं नाहीये."

ताई दारात उभी होती. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिच्या पोरीचे चार महिने घालवले.

मंगळवार, ९ डिसेंबर

भांडायच्या तयारीनेच शाळेत गेले. बाईंनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण मुलांच्या बाकावर बसल्या.

"मॅडम, तुम्ही फळ्यावर लिहिलंत, आम्ही उतरवून घेतलं. फळ्यावरचं पाठ करून घ्यायचं — तीस वर्षं तेच केलं की आम्ही. सगळ्यांनीच घेतलंय, माझ्याच वर्गाने नाही. पालक अर्थ विचारायला लागले, मग काय सांगणार? बसून काढले." आणि मग, "चुकलं का काही?"

कावेबाजपणा नव्हता हो! माझं उत्तर उतरवून घ्यायला त्या वहीचं कोरं पान काढून, पेन उघडून बसल्या होत्या. पाणी प्यायले आणि निघाले.

बुधवार, १० डिसेंबर

साहेबांना सांगितलं सगळं. "मुलांना पाठ आहे, म्हणजे शिक्षकांनी मेहनत घेतली ना?" म्हणाले. "ब्याण्णव टक्क्यांचा निकाल वर कळवलाय. आता तोंड उघडलंत तर कार्यक्रम बंद. मग त्या मुलांना एवढंही मिळणार नाही."

खाली येऊन जिन्यात बसले. सगळ्यात वाईट हे की ते शेवटचं जे बोलले ते खोटं नव्हतं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

साहेबांच्याही वरच्यांना पत्र लिहिलं. दोन दिवस सगळ्या वर्गांत फिरले, नवे शब्द देऊन पाहिलं. सव्वीस वर्गांत यादी पाठ करून घेतलीय. एकेका वर्गाचं नाव लिहिलं. फळ्यावर यादी मीच लिहिली होती हेही लिहिलं, शेवटी, एका ओळीत. मला काढतील. काढू देत. ठमीला उद्यापासून रोज मी स्वतः शिकवणार आहे. ताईने अजून हो म्हटलेलं नाही.

काही उरलं नाही असं वाटलं की मी पडद्यावरचा तो फोटो आठवते. निदान एक पोर माझ्या हातून वाचायला लागली. ते तरी कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

झेरॉक्सच्या दुकानात गेले. पत्राला यादी जोडली होती आणि वर चिठ्ठी — 'पत्राच्या चार प्रती, यादीची एक.' मशीनवरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम! ओळखलं नाहीत? दोन वेण्या घालायचे मी!"

आम्ही दोघीही हसलो. मी तिला यादी दाखवली, आठवतेय का म्हणून. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले. "मटूक, लेबा, पिदळ, नबूत, दाफी..." वीसच्या वीस. "तुम्ही दर शुक्रवारी फळ्यावर लिहायच्या ना सरावाला! आम्ही पैजा लावून पाठ करायचो. अजून येतात!"

मग चिठ्ठी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"तुम्हीच सांगा ना मॅडम, कशाच्या किती काढू? वाचायचं काम मालक बघतात."

पत्र तसंच परत आणलं. सव्वीस वर्गांत एक वाढवायचा आहे. सगळ्यात वर.