रामबाण, उणे तीस अंशांवर

४ सप्टेंबर, सकाळी ७.१०
नवी वही, नवे संकल्प. एक, रोज पाचला उठणे (उद्यापासून, आजचे पाच वाजून गेले). दोन, ऑफिसात वाद घालायचा नाही. तीन, रामबाणची थंडीतली चाचणी स्वतः घ्यायची, खुद्द डीप फ्रीझरमध्ये हात घालून.
रामबाण म्हणजे मी डिझाइन केलेलं इंजेक्शन. टोपी काढा, मांडीवर टेकवा, बटण दाबा. आतली स्प्रिंग सुटते, सुई टोचते, औषध आत. डॉक्टर नको, नर्स नको. जिथे कुत्रंही फिरकत नाही अशा ठिकाणांसाठी. नाव मीच ठेवलं. साहेबांना ते भडक वाटतं. साहेबांना आमच्या कँटीनचा चहाही भडक वाटतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, हवामान खात्यात आहे. हिवाळाभर डोंगरावरच्या केंद्रावर त्याची नेमणूक झाली. पाच माणसं, एक रेडिओ, उणे तीस. ऑक्टोबर संपला की वाट बंद, ती मार्चपर्यंत. खायला सगळं डब्यातलं. आणि याला शेंगदाण्याची ॲलर्जी! कण जरी पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास अडतो. लगेच इंजेक्शन मिळालं नाही तर खेळ खलास. हिचा चेहरा उतरला. म्हटलं, त्यात काय, माझा रामबाण नेईल की. दुधात साखर. हिने विचारलं, तिथे चालेल ना? म्हटलं, शंभर टक्के.

९ सप्टेंबर
आमचा डीप फ्रीझर तळमजल्यावर स्टोअरमध्ये आणि चाचणीचं टेबल दुसऱ्या मजल्यावर. ही अक्कल कोणाची, देव जाणे. फ्रीझरमध्ये हात घालणारच होतो, पण सर्दीची भीती. गारठा मला बाधतो. घरी पंखा दोनवर असला तरी मला स्वेटर लागतो. म्हणून कालपासून आत ठेवलेले दहा रामबाण बाहेर काढले, शर्टाच्या आणि पँटच्या खिशांत कोंबले आणि वर निघालो. लिफ्ट बंद. वाटेत कँटीन. चहाला रांग. वर जाऊन एकेक स्पंजवर दाबला. दहापैकी दहा! तिसरा संकल्प तत्त्वतः पूर्ण.

११ सप्टेंबर
चाचणी विभागात एक बाई आहेत. मी त्यांना मनातल्या मनात शंकाबाई म्हणतो. मला न विचारता त्यांनी स्टोअरमध्ये स्टूल टाकलं, हातमोजे चढवले, फ्रीझरमध्ये कोपरापर्यंत हात घातले आणि आतल्या आत बटाट्यावर चाचणी घेतली. म्हणे दहापैकी तीनच चालले. बाकीच्यांचं नुसतं टक् वाजलं, सुई बाहेर आलीच नाही. म्हणे थंडीत स्प्रिंगचं ग्रीस थिजतं. मी म्हटलं, बाई, नाचता येईना अंगण वाकडं.
त्यावर त्यांनी विचारलं, तुमचे दहा तुम्ही वर कसे नेलेत? काय हा प्रश्न! खिशातून नेले. माणूस आणखी कशातून नेतो? त्या बराच वेळ माझ्या खिशाकडे बघत राहिल्या. विचित्र बाई.

१८ सप्टेंबर
दुसरा संकल्प मोडला. साहेबांसमोर वाद झाला. आवाज माझा मोठा होता, म्हणजे मुद्दाही माझाच. साहेब म्हणाले, महिना आहे हातात, ग्रीस बदलून बघा. बदलायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून उघडणं आलं. शिवाय बदललं तर बाई बरोबर होत्या असा अर्थ निघेल. फाइलवर ‘विचाराधीन’ असा शेरा मारला.

२५ सप्टेंबर
औषध गोठू नये म्हणून रामबाणला बॅटरीवर गरम होणारं वेष्टण करून घेतलं. स्प्रिंगचं टोक तेवढं उघडं, कारण बटण दाबायला जागा हवी. आता रामबाण लाटण्याएवढा झालाय, खिशात मावत नाही. उत्तम! कोटावरून पट्ट्याला अडकवायचा. ऐन वेळी शोधाशोध नको.
पाचला उठायचं राहिलंच आहे. सोमवारपासून.

३ ऑक्टोबर
घरी आलो तर दारात अनोळखी चपला. शंकाबाई! आमच्या स्वयंपाकघरात! ही, त्या आणि मेहुणा असे तिघं बसलेले, मधे बटाटे. मी शिरताच सगळे गप्प. माझीच निंदा चालली असणार. हिच्या मांडीवर मेहुण्याचा बनियन होता, त्याला आतून, काखेजवळ, खिसा शिवत होती. हे काय, विचारलं. म्हणाली, काही नाही, त्याच्या सामानासाठी. फोटोबिटो ठेवत असेल बिचारा. बहिणी हळव्याच.
जेवताना हिने पुन्हा विचारलं, नक्की चालेल ना हो? शंभर टक्के, म्हटलं. वाढता वाढता थांबली. मग वाढलं.

१२ ऑक्टोबर
अहवाल लिहिला. ‘चाचणीचे ठिकाण’ असा एक रकाना असतो. फ्रीझर लिहावं तर पूर्ण खरं नाही, टेबल लिहावं तर लोकांचा गैरसमज. कोरा सोडला. खाली सही ठोकली. शंकाबाईंनी केली नाही. साहेब म्हणाले, त्यांच्या सहीशिवाय एकही नग बाहेर जाणार नाही. पण मेहुणा काय बाहेरचा? संध्याकाळी सहा रामबाण बॅगेत घालून घरी आणले.

१९ ऑक्टोबर
मेहुणा निघाला. जीपपाशी उभं राहून त्याने रामबाण पट्ट्याला लावून दाखवला, सगळे हसले. ही हसली नाही. सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, खरं सांगा, चालेल ना? तिसऱ्यांदा! मला राग आला. शंभर टक्के, म्हटलं, जरा मोठ्याने. मेहुणा म्हणाला, भावोजी आहेत तर मला कसली भीती. मात्र म्हणताना त्याने काखेशी हात दाबला होता. उसण भरली असेल.
जीप वळणाआड गेली तरी ही तिथेच उभी. माझ्या अंगावर काटा आला. हवा गार होती.

२ नोव्हेंबर, सोमवार
वाट बंद झाली. आता दर सोमवारी केंद्राचा रेडिओ-निरोप खात्यात येतो, तिथून आम्हाला फोन. उणे बावीस. मेहुणा ठणठणीत. मी आठवडाभर पाचच्या आधीच उठतोय. झोप लागत नाही. पहिला संकल्प पूर्ण.

२३ नोव्हेंबर, सोमवार
उणे एकतीस. मेहुण्याने गंमत कळवली: थंडीने गोंद सुटून डब्यांवरची लेबलं गळून पडली आहेत, आत काय ते डबा फोडल्यावरच कळतं. गोंदवाल्यांनी चाचणी नीट घेतली नसणार. काय बेजबाबदार लोक असतात!
दुपारी उगाचच स्टोअरमध्ये गेलो. फ्रीझरचं झाकण उघडलं. पांढरी वाफ तोंडावर आली. आत उरलेले रामबाण ओळीने पडले होते. हात घालायचा म्हटलं तर पाच मिनिटांचं काम. पण सर्दी झाली असती. झाकण लावलं. उद्या नक्की.

३० नोव्हेंबर, सोमवार
फोन नाही. वादळ असेल.

१ डिसेंबर
नाही. ही खात्याच्या ऑफिसात दोन चकरा मारून आली. रेडिओ गप्प आहे म्हणतात. यंत्रं बिघडायचीच.

३ डिसेंबर
नाही. साहेबांनी माझा अहवाल समोर ठेवला आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हटलं, नजरचुकीने राहिलं. कँटीनचा चहा अर्धाच टाकून आलो. भडक होता.

५ डिसेंबर, दुपारी
निरोप आला. मोठा. हिने कागदावर उतरवून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.
गेल्या रविवारी वादळात रेडिओचा खांब पडला, केंद्रातली शेगडीही विझली. त्याच दुपारी एका बिनलेबलाच्या डब्यातल्या सूपमध्ये शेंगदाणे निघाले. मेहुण्याचा घसा सुजला, ओठ निळे पडले. पट्ट्याचा रामबाण दाबला. टक्. दुसरा दाबला. टक्. सहाच्या सहा. मग केंद्रावरच्या स्वयंपाक्याने त्याचा कोट ओढून काढला, बनियनच्या आतल्या खिशातून साधी सिरिंज आणि औषधाची कुपी काढली. अंगाच्या उबेने औषध पातळ राहिलं होतं. टोचलं. आमच्या स्वयंपाकघरात शंकाबाईंनी मेहुण्याला शिकवलं होतं आणि त्याने वर गेल्या गेल्या स्वयंपाक्याला. मेहुणा उठून बसलाय. शेवटची ओळ अशी: हे भावोजींना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.
मी हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, मला इंजेक्शनातलं काही कळत नाही, तुमच्यातलं कळतं. म्हणून तीनदा विचारलं. एकदा तरी नाही म्हणायचं होतं.
वही मागे चाळली. तीनदाच आहे. माझ्याच अक्षरात.

७ डिसेंबर, सोमवार
घरून दहा बटाटे नेले. स्टोअरमध्ये स्टूल टाकलं, बाह्या वर सारल्या, फ्रीझरमध्ये कोपरापर्यंत हात घातले. शंकाबाई टॉवेल घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. पहिला, टक्. दुसरा, टक्. पाचव्यानंतर मी मोजायचं सोडलं. बाई मोजत होत्या. दहापैकी दोन. रकान्यात ‘डीप फ्रीझरच्या आत’ असं लिहिलं. बोटं बधिर झाली होती, अक्षर वाकडं आलं. बाईंनी खाली सही केली.

संध्याकाळी ७.००
सर्दी झालेली नाही.