आप्पांच्या टोपीवरचा सिनेमा

७ फेब्रुवारी २००२

हर्षलला वेड लागलंय. आईवडिलांना सिनेमा दाखवून म्हणे लग्नाला राजी करणार! आमच्या दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये दिवसभर गोळ्या विकतो ना — प्रत्येक दुखण्यावर काहीतरी देऊन बघायची सवयच लागलीय त्याला.

सिनेमा अमेरिकेतला, हिंदीत केलेला. एक काळी नर्स, गोऱ्यांच्या वॉर्डात पहिलीच. पेशंट तिला हात लावू देत नाहीत. तिचा पाण्याचा ग्लाससुद्धा वेगळा. खरी घडलेली गोष्ट. "तूही नर्सच," हर्षल म्हणाला, "आप्पा बघतील आणि विरघळतील."

मी हरसूलची, कोकणा आदिवासी. तो सटाण्याचा मराठा, घरी कांदा साठवायच्या चाळी. एका तिकिटात एवढं सगळं विरघळेल? बघू. दुसरं काही मलाही सुचत नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

सिनेमा मी पाहिलाच नाही. आप्पांची टोपी पाहिली.

मी त्यांच्या मागच्याच्या मागच्या रांगेत बसले होते. ते मला ओळखत नाहीत. आप्पा — म्हणजे हर्षलचे वडील खंडेराव — मधोमध. एका बाजूला हर्षलची आई चतुराबाई, दुसऱ्या बाजूला बहीण पूजा. पडद्यावर त्या नर्सला कोणी घालूनपाडून बोललं की टोपी हलायची. एका गोऱ्या म्हाताऱ्याने तिने आणलेलं ताट ढकलून दिलं, तर आप्पा मोठ्याने बोलले, "माणूस शे का जनावर!" लोक वळून बघायला लागले. नर्सने उलट उत्तर दिलं तेव्हा बाल्कनीतून शिट्ट्या. मालेगावकडची पोरं होती कोणी, त्यांनी तर खुर्च्या बडवल्या.

इंटरव्हलमध्ये आप्पांनी घरच्यांना बटाटेवडे घेतले. स्वतःचा वडा हातात तसाच आणि एका अनोळखी माणसाला सांगताहेत, "खरी गोष्ट शे बरं का ही!"

शेवटी तोच म्हातारा मरायला टेकतो आणि तिलाच बोलावणं पाठवतो. ती येते. त्याचा हात धरते. अख्खं थेटर मुसमुसत होतं. मग त्या खऱ्या बाईचा फोटो आला. म्हातारी, चष्मा लावलेली, हसरी. लोक आपोआप उभे राहिले. आप्पांनी टोपी काढली आणि टोपीनेच डोळे पुसले.

मीही रडले. कोणासाठी, ते विचारू नये.

बाहेर पडताना गर्दीत चतुराबाईंचा धक्का लागला. "लागलं का गं पोरी?" म्हणाल्या. बस, एवढंच. पण तेवढ्यानेही बरं वाटतंय.

११ फेब्रुवारी

हर्षलने सांगून टाकलं! आप्पा म्हणाले, "पोरीच्या बापाला येऊ दे. बोलू."

नाही म्हणाले नाहीत! नाही म्हणाले नाहीत! सलाइन लावताना गुणगुणत होते वाटतं, पेशंट म्हणाला, "सिस्टर, पगार वाढला का?"

१७ फेब्रुवारी, हरसूल

बाबा जाणार नाहीत.

मला कळायला हवं होतं, आनंदात विसरलेच. आमच्यात मुलीचा बाप कोणाच्या दारी जात नाही. मुलाकडचे येतात, मुलगी मागतात, वर मुलीच्या बापालाच पैसे, धान्य देतात, देज म्हणून. मराठ्यांत सगळं उलटं — मुलीच्या बापाने जोडे झिजवायचे. आणि मी मध्ये उभी.

"मी कशाला जाऊ?" बाबा म्हणाले. "माझी पोर मला जड नाय झाली. पाहिजे असंल तर तो येईल मागायला."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांना वाटत असंल, डोंगरातली माणसं हायेत. बोलावलं का धावत येतील."

मी सिनेमाची गोष्ट सांगितली. आप्पा कसे रडले, तेही. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे शेवटीबी तीच गेली त्याच्याकडं?"

"तो मरायला टेकला होता ना, बाबा."

"मरायला शेवटी टेकला. आधी काय पाय नव्हते त्याला?"



२१ फेब्रुवारी

वॉर्डातल्या लंकाबाई मावशींनीही तो सिनेमा पाहिला. म्हणाल्या, "सिनेमातले लोक बरे बाई, तीन तासांत सुधारतात. आपल्याकडं जन्म पुरत नाय." आणि बेडपॅन घेऊन गेल्या.

५ मार्च

हर्षल सटाण्याहून आला. आप्पा चाळीवर रोज त्या सिनेमाची गोष्ट सांगतात म्हणे! मजूर, टेम्पोवाला, जो सापडेल त्याला. फोटोपाशी आले की दरवेळी टोपी डोळ्यांना लावतात. आणि हर्षलने हरसूलचं नाव काढलं की — "पोराच्या बापानं जायचं? लोक म्हणतील, पोरात काही खोट शे!"

आधी हसू आलं. मग असा राग आला! सातासमुद्रापलीकडच्या नर्ससाठी टोपी भिजते, आणि हरसूलची एसटी तेवढी यांना सापडत नाही!

हर्षल म्हणाला, "तू त्यांना वाईट समजू नको. पूजाचं स्थळ चालून आलंय. आमच्याकडे भावाने सोयरीक कुठे केली ते बघून बहिणीचं ठरतं."

पूजा. मला अजून न भेटताच हर्षलबरोबर कुरडया पाठवणारी. मुलगा तिला फोटोतच आवडलाय. तिचं मोडावं असं मला वाटतं का? नाही. मग माझं मोडावं? तेही नाही! आप्पांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, कोण जाणे. त्यांचाही जीव टांगणीला लागला असेल.

१२ मार्च

हर्षल म्हणतो, कोर्टात जाऊन सह्या करू, दोघेच. मी नाही म्हटलं. चोरून केलं तर बाबांची मान खाली, आप्पांचीही. मला मागून नेलेलं हवंय. हट्ट तर हट्ट.

१९ मार्च

काही नाही. ऊन वाढलंय.

२३ मार्च

उद्या पूजाला बघायला येणार. हर्षल सटाण्याला गेलाय.

माझी कुणकुण त्या लोकांना लागलीय म्हणे. ते विचारणार, हे नक्की. आप्पांनी एवढंच म्हणायचं — छे, तसलं काही नाही. की पूजाचं घर उभं राहील आणि माझं सुरू व्हायच्या आधीच संपेल. चारचौघांत एकदा नाही म्हटल्यावर आप्पा शब्द फिरवायचे नाहीत.

आणि मी त्यांना दोषही देऊ शकणार नाही. पोटच्या लेकीसाठी बाप खोटं बोलला, तर कोणत्या तोंडाने बोलू? देवापुढे हात जोडले. काय मागायचं तेच कळेना. तसेच खाली घेतले.

२४ मार्च, रविवार

दवाखान्याच्या फोनवर हर्षल. पाहुण्यांनी विचारलंच. पूजा पोह्यांच्या बश्या घेऊन तिथेच उभी होती. आप्पा म्हणाले, "अजून ठरलं कुठं? मी जाणार शे मागायला. तिचा बाप काय म्हणतो, त्याच्यावर शे सगळं." पाहुणे पोहे न खाता उठले.

मी "पूजा?" एवढंच विचारलं.

फोन तिनेच घेतला. रडून आवाज बसलेला. "वहिनी, तुमच्यात मागायला जाताना काय काय न्यायचं असतं? आप्पा विचारताहेत."