काचेपलीकडची आक्का

करी रोड, मुंबई
गुरुवार, जेवणानंतर

तीर्थस्वरूप शेवंतीआक्का हिला धाकट्या रामदासचा वाकून नमस्कार (गुडघे दुखत असतील तर पाय पुढे करू नकोस, मीच आणखी वाकतो).

तुझी साखर कशी आहे? तुझ्या स्वप्नीलने आणलेल्या गोळ्या वेळेवर घेतेस की डब्याखाली लपवतेस? मी सुखरूप पोचलो हे फोनवर सांगितलंच, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? पाऊण तास एकटी बोलतेस आणि माझी पाळी आली की 'बिल वाढता' म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र. शिवाय एक गोष्ट सांगायला म्हणून मुद्दाम तुझ्याकडे आलो होतो, चार दिवस राहिलो, सहा वेळा तोंड उघडलं, आणि सहाही वेळा तू त्यात काहीतरी खायला घातलंस. सांगायचं ते राहूनच गेलं. ते शेवटी लिहितो, आधी धीर गोळा होऊ दे.

तर तुमचा विमानतळ. (तुझ्या शहराला गाव म्हटलेलं तुला खपत नाही, महानगरपालिका आहे, मान्य.) जाताना मुंबईच्या विमानतळावर मी एवढा चाललो की वाटलं, चालतच तुझ्याकडे पोचणार. मध्ये तीनदा बसलो. तुमचा मात्र आपल्या जुन्या चाळीसारखा आटोपशीर. जी मुलगी बॅग वजन करून घेते तीच पुढे दारात पास फाडते, आणि तीच उन्हात उभी राहून विमान कुठलं ते दाखवते. एकच विमान उभं होतं, तरी दाखवते. आता विमानही हीच चालवते की काय, अशी मला धास्ती होती.

पण खरी गंमत दारातच झाली. बंदूकवाल्या जवानाने तिकीट नाही म्हणून तुला अडवलं, आणि तू त्या हरियाणाच्या पोराला ठणकावलंस, "ह्येका लहानाचो मोठो मी केलंय, आणि माका भायर?" तो घाबरून बाजूला झाला नाही एवढंच. मग तू तिथेच स्टीलची डबी उघडून माझ्या हातावर दही घातलंस. त्याच हाताने मी त्याला आधार कार्ड दाखवलं. अजून त्या कार्डाला आंबूस वास येतो आहे.

मग मी आत, तू बाहेर आणि मध्ये भिंतभर काच. आता आपल्या घरची रीत मी तुला सांगायला नको. पोचवायला आलेल्याने जाणारा दिसेनासा होईपर्यंत हलायचं नाही, आणि जाणाऱ्याने आधी पाठ फिरवायची नाही. एसटीला हे ठीक आहे, ती सुटते. विमान दीड तास उशिरा होतं गं! दीड तास आपण एकमेकांना हात करत उभे. उजवा दुखला की डावा. बिचाऱ्या स्वप्नीलला पोलीस गाडी थांबवू देईना, त्याने विमानतळाला पाच प्रदक्षिणा घातल्या. एकदा तू कट्ट्यावर टेकलीस, मला वाटलं सुटलो, तर मी पाऊल उचलताच तू ताडकन उभी!

तेव्हा मनात आलं, आत्ताच सांगून टाकावं. मध्ये काच आहे, तुझं बोलणं ऐकू येणार नाही, अशी संधी साठ वर्षांत मिळाली नव्हती. मी छातीवर हात ठेवला. तू मान हलवलीस. मग मी बोटाने गळ्याखालून पोटापर्यंत रेघ ओढून दाखवली. तू कपाळावर हात मारून घेतलास, पिशवी चाचपलीस आणि आत येणाऱ्या एका सुटाबुटातल्या गृहस्थाला धरलंस. तो सरळ माझ्याकडे आला, ओव्याची पुडी दिली आणि गंभीरपणे निरोप सांगितला, की चावून खा, वर पाणी पिऊ नका, आणि दोन वड्यांनी कुणाला गॅस होत नाही. मी खाल्ला ओवा. तू बघत होतीस, न खाऊन सांगतो कुणाला!

एवढ्यात माझ्या नावाचा पुकारा सुरू झाला होता म्हणे, मला पत्ताच नाही. शेवटी तीच मुलगी शोधत आली. ओरडायलाच आली होती, पण काचेबाहेर तुला पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही पळा, मी करते हात." आणि खरंच, माझ्या जागी उभी राहून हात हलवू लागली. मी विमानाच्या शिडीशी पोचतो तर ही धापा टाकत हजर. म्हणते, "त्या अजून उभ्याच आहेत." आक्का, खरं सांगतो, खिडकीकडे तोंड करून रडलो. आपल्या चाळीत कुणी गावी निघालं की अख्खी गॅलरी हात करायची. आता त्याच जागेवर टॉवर आहे, बाविसाव्या मजल्यावरून निघालो की लिफ्टचं दार बंद होतं आणि झालं.

स्वप्नीलला आशीर्वाद, आणि प्रदक्षिणांबद्दल माझी माफी सांग.

तुझाच धाकटा
रामदास

ता. क. वडे दोनच खाल्ले म्हणून रुसली होतीस. डॉक्टरांनी तेवढेही नको म्हटले होते. आणि विमानाने आलो ते हौसेने नव्हे. स्टेशनचे जिने चढायला मनाई आहे.

आणखी एक ता. क. म्हणजे ते गॅसचं नव्हतं. बायपास आहे, तेवीस तारखेला, इथे परळला. घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर म्हणतात. मी घाबरलोय. माझ्या वैभवला कॅनडात अजून कळवलेलं नाही, पोरगं नोकरी टाकून धावत येईल. तू आलीस की तुझ्यासमोर कळवतो. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'सोबत कोण' असं विचारलं होतं, तिथे न विचारता तुझं नाव घातलं आहे.

शेवटचा ता. क. ओवा आणू नकोस. तिथेही नातेवाइकांना आत सोडत नाहीत, काचेचं दार आहे, मी बघून आलो. मला हात करत थांबता येणार नाही, आडवं करून नेतात. रीत माझ्याकडून मोडेल, तेवढी पोटात घाल. तू मात्र हलू नकोस.