दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

बाबा, ऐकून हसाल, पण मी विमान शिकवते. खरं नाही हो, कॉम्प्युटरवरचं. सुभानपुऱ्यात घरी बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, आणि कुठल्या कुठल्या गावचे लोक इंटरनेटवरून माझ्या शेजारी येऊन बसतात. विमान लहानसं, दोनच सीटचं. एक शिकणाऱ्याची, एक माझी, आणि दांडा दोघांपुढेही. कोणीही ओढला तरी विमान ऐकतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्यांदा म्हणाले, "अगं बाई, ही तर बाबांची गाडी!"

तुमची ती पांढरी शिकाऊ गाडी, तुमच्याही पायाशी एक ब्रेक असलेली. अर्ध्या बडोद्याच्या बायका तुम्ही तीत तयार केल्यात. खंडेराव मार्केटातून आणलेले खारे दाणे कायम तुमच्या ओंजळीत. एकदा मागच्या सीटवरून मी "काकू, ब्रेक!" म्हणून किंचाळले, तर गाडी थांबवून मलाच उतरवलंत. "गाडी त्या चालवतायत. तुला तोंड घालायचं असेल तर चालत घरी जा." गेले की चालत, पाय आपटत! दाणे कशाला, विचारलं तर म्हणालात, "माझे हात कामात दिसले, की शिकणाऱ्याला वाटतं, आता आपणच चालवतोय." म्हणून माझ्याही टेबलावर दाण्यांची वाटी असते. हात कोणाला दिसत नाहीत, पण कुरुमकुरुम ऐकू जातं.

आणंदच्या एक बेन माझ्याकडे शिकतात, शाळेतून रिटायर झालेल्या. उडवतात झकास, पण उतरताना जमीन दिसली की घाबरून दांडा पुढे ढकलतात आणि विमान नाकावर आपटतं. आज सकाळी बसतानाच म्हणाल्या, "जय श्री कृष्ण. आजे ना आवड्युं तो बंद, हं! घरमां बधा हसे छे." आज जमलं नाही तर बंद, घरी सगळे हसतात म्हणे. मला फार वाईट वाटलं, कारण शिकणं सोडावं अशी ती बाईच नाही. धावपट्टी जवळ येते आहे, मी दाणे चावते आहे. आता नाक हळूच वर घ्यायचं, तर बेनचं पुन्हा खाली. माझ्या हाताने दांडा मागे घेतला, इतकासाच. चाकं टेकली.

"अरे वाह! तमे हाथ तो नथी लगाड्यो ने?"

"छे हो बेन, मी तर दाणे खात होते."

त्यानंतर त्यांनी तीनदा विमान उतरवलं, अगदी लोण्यासारखं, आणि तेव्हा मी खरंच हात लावला नव्हता. त्यांचा आवाजच बदलला होता. आणि मला मात्र स्टेशनजवळच्या पुलाचा चढ आठवला, तुम्ही मला गाडी शिकवत होतात तेव्हाचा. मागे रिक्षा चिकटलेली, गाडी बंद पडलेली, आणि तरी ती एक इंच मागे सरकली नाही. "तुम्ही धरलीत का?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी तर दाणे खात होतो." मग सयाजीगंजात सेव-उसळ, आणि तिखट लागलं म्हणून तुम्ही केलेली माझी चेष्टा. त्या दिवसापासून मला कुठल्याच रस्त्याची भीती वाटली नाही. तीस वर्षं हा पराक्रम मी सांगत फिरतेय, जावयापासून भाजीवालीपर्यंत. लबाड हो तुम्ही! मी तुमचे हातच बघत राहिले, पायाकडे कधी पाहिलंच नाही.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार. बेनना मी खरं सांगणार नाही. आणि बाबा, पुलाची गोष्ट पुढेही तशीच सांगणार आहे, गाडी मी एकटीनेच धरली होती म्हणून.