काळा तवा आणि पोरीची भूक

माय, परवा मी पोरीच्या पुढचं ताट ओढलं. तुझ्या नातीच्या. तू तिला पाहिलं नाहीस, अकरा वर्षांची आहे. चार पोळ्या झाल्या होत्या, दोनदा भात झाला होता, आणि तरी म्हणे, "मम्मी, अजून दे ना." माझा तोल गेला. "काहून एवढी खाऊन राहिली वो? पोट आहे का पोतं आहे?" असं ओरडून मी ताट ओढलं आणि वरण तिच्या मांडीवर सांडलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि फडकं आणून फरशी पुसायला लागली. तेव्हापासून मला चैन नाही. ऑफिसात एकच कागद तीनतीनदा वाचते आणि डोक्यात काही शिरत नाही.

वर्ष झालं हे सुरू आहे. वजन वाढलं, जिना चढताना तिला धाप लागते, शाळेतल्या पोरी चिडवतात. इथं भंडाऱ्यात डॉक्टरबाईंना दाखवलं. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, घरात कशात शिजवता, पाकिटातलं किती खाते? म्हणाल्या, नॉनस्टिकच्या लेपातली, पाकिटबंद खाण्यातली काही रसायनं भुकेची आणि पोट भरल्याची खूण बिघडवत असावीत, असा संशय आहे. "पण तुमच्या मुलीचं कारण हेच, असं मी नाही सांगू शकत." मला असावीत-बिसावीत नको होतं, माय. हो की नाही, एवढंच हवं होतं.

तू असतीस तर तुला विचारलं असतं, कारण भांड्याचं तुला कळत होतं. एकोडीचं आपलं घर आठवतं. मी नऊ वर्षांची आहे, तू धानाच्या रोवण्याला गेलेली, आणि मी मोठ्या कौतुकानं अंबाडीची भाजी रांधून ठेवलेली, पितळेच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात. त्याची कल्हई उडाली होती, हे मी पाहिलंच नाही. तू चिखलाच्या पायांनी आलीस, गंजात डोकावलीस, आतून नख फिरवलंस आणि सगळी भाजी उकिरड्यावर नेऊन ओतलीस. मी भोकाड पसरलं. "आंबट आहे ते, भांडं उतरते त्याच्यात," तू म्हणालीस. "भाजीसंगं भांडं बी पोटात जाते, पोरी." त्या दिवशी आपण मीठ-मिरचीशी भात खाल्ला आणि मी तुझ्याशी बोलले नाही.

तू गेल्यावर तो गंज मी दुकानात मोडीत दिला आणि त्याच्या बदल्यात नॉनस्टिकचा काळा तवा घेतला. घासायला सोपा, तेल कमी, शेजारणींकडे होताच. इथवर ठीक होतं. पण मी पितळी भांड्यांच्या गावची बाई, मी त्याला पितळेसारखंच वापरलं. धिरडं उलथताना लोखंडी सराट्यानं खरवडलं, तारेच्या घासणीनं चकचकीत केलं. कुठं कुठं काळं निघालं, धिरड्यावर बारीक कण दिसायचे, तर मी बोटानं झटकून पोरीला वाढायची. मनात म्हणायची, उडू दे, कल्हईसारखं पुन्हा चढवून आणू. आणि खरंच एक दिवस तो तवा घेऊन कल्हईवाल्याकडे गेले! म्हातारा हसून हसून खोकला. "बाप्पा! याले कल्हई नाही लागत, बाई. याचं गेलं का गेलं. फेकून द्या." मी फेकला नाही. चांगली दोन वर्षं आणखी वापरला.

डॉक्टरबाईंकडून आले त्याच दिवशी तो भंगारात टाकला. पण जिवाची तगमग काही जात नाही. तव्याला शिव्या देणं सोपं आहे. नूडल्सची, चिप्सची पाकिटं तर मीच आणली. शाळेतून ती दोनला येते, मी सहाला. चार तास एकटी पोर गप्प बसावी म्हणून मीच ती तिच्या हाताशी ठेवत होते. आता कधी वाटतं सगळा दोष माझा. कधी वाटतं, वाढत्या वयाची पोर आहे, खाईल नाही तर काय? रोवण्याच्या दिवसांत मीही भाताचे डोंगर खायची आणि तू हसत वाढायचीस. खरं काय ते कोणीच सांगत नाही, आणि मी मात्र तिचा घास न् घास मोजत बसते.

हा कागद पर्समध्ये ठेवीन. घरात ठेवला तर ती वाचेल.

आज रविवार, कागद पुन्हा काढला. दुपारी दोघी जेवायला बसलो. दोन पोळ्या खाऊन तिनं ताट सरकवलं. "पोट भरलं मम्मी," म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं. नजर भाताच्या भांड्यावर होती तिची. माय, तुलाच सांगते, दुसऱ्या कोणाला सांगायची माझी हिंमत नाही. ती खोटं बोलून राहिली हे मला कळलं, आणि मला हायसं वाटलं. मी भातावर झाकण ठेवलं.