पोचपावती

३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीने पाय उमटवल्यासारखंच आहे. तिथे सैनिकी अकादमीत धावायला, पोहायला, नेम धरायला शिकवतात, तर जाता जाता चार ओळी सरळ लिहायलाही शिकवल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांनी गणवेशातला तुझा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला आहे, घड्याळांच्या अगदी मधोमध. नुसता पट्टा बदलायला आलेल्या गिऱ्हाइकालाही सोडत नाहीत. तुला दिलं तसलंच एक घड्याळ तिथे ठेवलंय. त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात, की ह्याच्या सख्ख्या भावाच्या सेकंदकाट्यावर तिकडे अख्खी परेड चालते. काल एक बाई फोटो बघता बघता स्वतःचं घड्याळ न्यायलाच विसरल्या. मी ह्यांना हसते खरी, पण वाचनालयातून घरी येताना मुद्दाम दुकानावरून वळसा घालते. कुणाला सांगू नकोस.

आता तू दुसऱ्या वर्षाची. धाकट्या मुली तुझ्या हाताखाली असतील. माझ्यासारखी आरडाओरड करू नकोस त्यांच्यावर.

जेवत जा. आमची आठवण ठेव, म्हणजे झालं.

तुझी आई

१४ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न.

हे फोनवर बोलता आलं नाही. रविवारी पाच मिनिटं मिळतात, मागे रांग असते, आणि फोन नेहमी बाबाच उचलतात.

आई, मला इथून परत यायचंय. मी आजारी नाही. मला कुणी त्रास दिलेला नाही. परवा धावण्यात दुसरी आले. तरीही मला हे सोडायचंय. कारण नीट लिहिता येईल तेव्हा लिहीन, आत्तापर्यंत तीन कागद फाडलेत.

सोडायचं तर फॉर्मवर पालकांची सही लागते. प्रवेशाच्या वेळी तू केली होतीस, म्हणून आताही तुझीच हवी. तो फॉर्म वेगळ्या पाकिटातून आजच रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे. सही होऊन तो ३१ मार्चच्या आत इथे पोहोचायला हवा. त्यानंतर सोडता येत नाही.

बाबांना तू सांग. मला धीर होत नाही.

तुझ्या मायेवर विसंबून असलेली,
भिंगरी

२९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. दोनदा वाचलं. हातातला चहा कधी निवला ते कळलं नाही.

अगं, कष्ट कुणाला चुकलेत? सायकल शिकताना दोन्ही गुडघे फोडून घेतलेस आणि तिसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत एकटी जाऊन आलीस. ती माझी मुलगी आता रडूबाई होऊन परत येणार? धावण्यात दुसरी आलीस म्हणतेस, मग अडलंय कुठे? माणसाला मधेच असा कंटाळा येतो. तो जातो.

आणि बाबांचा विचार केलास का? त्या काचेतल्या फोटोचं काय करायचं? वाचनालयात गेल्याच आठवड्यात एक आई आपल्या मुलीला घेऊन आली होती, तुझ्यासारखं व्हायचं तर काय वाचायचं ते विचारायला. तिला मी काय सांगू?

तुझा तो फॉर्म अजून आलेला नाही. हल्ली टपालाचा काही भरवसा राहिलेला नाही. येईल तेव्हा बघू. तोवर डोकं शांत ठेव.

रागावू नकोस. माया आहे म्हणून लिहिते.

तुझी आई

११ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता कसा आहे? तेल लावतेस, की नुसतीच कुरकुरतेस?

ताई, एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. भिंगरीला परत यायचंय. सोडायचा फॉर्म तिने माझ्या सहीसाठी पाठवला, तो वीस जानेवारीलाच आला. पोस्टमनने कार्ड पुढे केलं आणि मी सवयीने त्यावर पूर्ण नाव लिहून सही केली, शाळेत सिस्टरांनी शिकवली होती तशी, एकही अक्षर न तोडता. मग दार लावलं आणि पाकीट कपाटाच्या खालच्या खणात, अंथरलेल्या कागदाखाली सारलं. ते आलंच नाही असं मी पोरीला लिहिलं आहे.

ह्यांना काही म्हणजे काही माहीत नाही. रविवारी ते फोनवर तिला घड्याळ कसं चालतंय ते विचारतात, ती चांगलं चालतंय म्हणते, आणि मी बाजूला उभी राहून रुमालांच्या घड्या घालते. काल खण उघडला तर कागद त्या जागी फुगलेला दिसला. मी त्यावर चादरी रचल्या. ह्या वयात कपाटात चोरी लपवतेय गं मी. मनात एकच हिशेब, ३१ मार्च निघून जाऊ दे. मग ती आपोआप तिथे राहील, आणि पुढे मलाच दुवा देईल.

तू काहीतरी बोल. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझीच,
धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तसाच आहे आणि तेलाची बाटली तशीच भरलेली आहे. आता शिव्या घे.

तू वर्गाची मॉनिटर होतीस तेव्हाची गोष्ट. सिस्टर बाहेर गेल्या, की खडू उचलायचीस आणि बोलणाऱ्या मुलींची नावं फळ्यावर लिहायचीस, मोत्यांसारख्या अक्षरात. सख्ख्या बहिणीचंही सोडलं नाहीस. मी नापास होऊन तुझ्याच वर्गात आले होते, आधीच तोंड वर करायची चोरी, त्यात फळ्यावर पहिलं नाव माझं! आणि सगळ्यांत जास्त बडबड तर तूच करायचीस. तुझं नाव काही त्या फळ्यावर कधी आलं नाही. आता लिही.

मी नापास झाले तेव्हा आईने महिनाभर शेजारी सांगितलं, की आजारपणामुळे परीक्षा हुकली. मला ताप नव्हता, काही नव्हतं, पण कुणी दारात आलं की ती मला पांघरूण घेऊन निजायला लावायची. नापास झाल्याचं दुःख मी केव्हाच विसरले. ते पांघरूण अजून विसरले नाही.

पोरीला कष्ट नको झालेत असं तूच ठरवून मोकळी झालीस. तिला विचारलंस का? आणि तुझ्या घड्याळजींना जरा जास्त किंमत दे. काटे मागेपुढे करण्यातच त्या माणसाचा जन्म गेलाय.

फॉर्म बाहेर काढ. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी ताई

२५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

तू कंटाळा म्हणालीस, म्हणून आज कारण लिहिते. हा कागद फाडणार नाही.

डिसेंबरात पहिल्या वर्षाच्या मुली माझ्या हाताखाली दिल्या. त्यातली एक बुटाला चिखल लावून आली. मी तिला भर दुपारी मैदानात चाळीस मिनिटं उभं राहायची शिक्षा दिली. समोर उभी राहून मी बाबांच्या घड्याळात बघत होते. अडतिसाव्या मिनिटाला ती पडली. तोंडावरच पडली, ओठ फाटला. आणि आई, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की अजून दोन मिनिटं राहिली आहेत. पाणी पाजून मी तिला उठवलं आणि ती दोन मिनिटं पुरी करून घेतली.

त्या महिन्यात शिस्तीबद्दल मला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली. मला ती आवडली. रात्री झोपही छान लागली. मला त्याचीच लाज वाटते. इथे चांगल्या मुली आहेत, त्या कडक राहूनही माणसं राहतात. मला ते जमलेलं नाही, आणि जमेपर्यंत कुणाची तरी पोर माझ्यासमोर उन्हात उभी राहणार. तुला मी रडूबाई वाटले. रडू आलं असतं तर कदाचित मी राहिले असते.

फॉर्म अजून मिळाला नसेल, तर दुसरा पाठवू का?

तू जे करशील ते माझ्या मायेपोटीच असेल, हे मला ठाऊक आहे.

भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दुसरा फॉर्म पाठवू नकोस. पहिला वीस जानेवारीलाच आला होता. मी तो कपाटात लपवला आणि तुला खोटं लिहिलं. तुझी मुदत टळावी म्हणून दिवस मोजत बसले. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

तू ती दोन मिनिटं लिहिलीस, तेव्हा मला माझे सहा आठवडे दिसले. तू एका परक्या मुलीला उन्हात उभं केलंस, मी माझ्या पोटच्या पोरीला केलं, आणि मलाही रात्री झोप लागत होती. आणि हे मी केलं ते तुझ्या भल्यासाठी नव्हे, तर तो फोटो काचेतून काढावा लागू नये म्हणून. तुला रडूबाई म्हणाले, तो शब्द मला परत दे.

काल बाबांना सगळं सांगितलं, माझ्या कपाटासकट. दुकान बंद करून आले होते, तसेच चपला न काढता खुर्चीवर बसले. तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. त्या मुलीचा ओठ बरा झाला का, हे आधी विचारलं. जेवताना म्हणाले, की तिला सांग, घड्याळ घेऊन ये, हवं तर सेकंदकाटा काढून देतो, नुसत्या दोन काट्यांवरही माणसाचं सगळं भागतं. माझ्याशी मात्र अजून नीट बोलत नाहीत. बरोबरच आहे.

फोटो त्यांनी काढलेला नाही. तू येऊन सांगशील तसं करू म्हणाले.

सही केलेला फॉर्म आजच रजिस्टरने पाठवला. पोस्टात मी स्वतः गेले. तिथल्या माणसाला तीनदा विचारलं, की नक्की पोहोचेल ना.

लोभ ठेव असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी ठेव.

तुझी आई

१४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

फॉर्म पोहोचला, मंजूरही झाला. येत्या शनिवारी निघते, रविवारी दुपारपर्यंत घरी येईन. रविवारी फोनची वाट पाहू नका.

काल त्या मुलीकडे गेले. ओठावर बारीक वण राहिलाय. मी माफी मागितली. ती ताठ उभी राहिली, समोर भिंतीकडे बघत 'येस मॅम' म्हणाली. मी म्हटलं, मी आता मॅम नाही. ती पुन्हा 'येस मॅम' म्हणाली. एवढंच झालं. बाबांना हेच सांग, चांगलं करून सांगू नकोस. आणि सेकंदकाटा काढू नका म्हणावं. राहू दे.

सोबत एक कार्ड ठेवलंय. रजिस्टर पत्राची पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत येते, हे तुझ्या लक्षात आलं नसावं. २५ जानेवारीला ते माझ्या हातात पडलं. त्यावर तुझं पूर्ण नाव आहे, एकही अक्षर न तोडलेलं. चार दिवसांनी तू लिहिलंस की फॉर्म आला नाही. ते पत्र आलं, तेव्हा हे कार्ड माझ्या उशीखालीच होतं.

पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, माझं मला कबूल करायला दोन महिने लागले, तुलाही थोडे दिवस लागणारच. म्हणून विचारलं नाही. पण रोज रात्री तुझी सही बघत होते.

आता ते तुझ्याजवळ राहू दे. कपाटात ठेवू नकोस.

दारात उभी राहशील ना?

तुझी,
भिंगरी