पंगतीची पानं हरणांनी खाल्ली त्याची हकिगत

कास्काव्हेल,
श्रावणातला सोमवार

सौ. आक्का हिला धाकट्या शेवंतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? ओव्याचा शेक सोडू नकोस, आणि भावोजींना सांग की रात्रीचं ताक बंद केल्याशिवाय तो खोकला जायचा नाही. इकडे गजाननाच्या कृपेने सर्व खुशाल. ऊसतोड सुरू झाल्यापासून अंगणात राख उडते आणि धुतलेली चादर वाळेपर्यंत पुन्हा धुण्याजोगी होते, एवढंच काय ते दुःख.

तर तू आणलेल्या स्थळाची मंडळी काल येऊन गेली. म्हणजे घरी नाही, आमची यश्ना कामाला आहे त्या हरणांच्या फार्मवर. तुला ठाऊकच आहे की मुलाच्या आईचं, बाबाजींच्या इंदुमतीबाईंचं, एकच म्हणणं होतं: मुलगी चांगली, कुळ चांगलं, पण लग्नानंतर जनावरांतली ही नोकरी सोडायची, कारण बँकेतल्या मुलाच्या बायकोच्या अंगाला कळपाचा वास बरा नाही. मी विचार केला, ज्या बाईने माझ्या मुलीला कामावर पाहिलंच नाही तिच्याशी वाद कशाला? तिने येऊन पाहावं. रविवारी पोराबाळांसह सगळे तिथे जातातच. (पाहुण्यांच्या कुंपणात फक्त माणसाळलेली हरणं असतात. माजावर आलेले नर श्रावणात डोंगराकडे वेगळे ठेवतात. हे मला आता माहीत झालं आहे, आणि तुलाही असावं.)

आता पाहुणे बोलवायचे आणि हात हलवत जायचं हे आपल्या आईने शिकवलं नाही. फार्मच्या हॉटेलात हरणाचं कालवण मिळतं, पण श्रावणात त्याचा विचारही नको. (भाव पाहता श्रावण नसता तरी विचार नकोच.) म्हणून मी पहाटे उठून सात भाज्या केल्या, डाळपुऱ्या केल्या आणि परसातली केळीची पानं कापून, पुसून, त्यांची भलीमोठी गुंडाळी बांधली. यश्ना दोनदा म्हणाली होती की आई, कुंपणात खायचं काही आणू नकोस. मी आणलंच नाही. पातेली गाडीत ठेवली. पानं तेवढी हातात घेतली, उन्हात गाडीत मलूल पडतील म्हणून. पान म्हणजे ताट. ताट कोण खातं?

आत गेलो तेव्हा यश्ना एकेका हरिणीला नावाने हाक मारून दाखवत होती. कुठली पहिलटकरीण, कुठली लंगडायची, कुठलीला कोणत्या वर्षीच्या वादळात झाडाखालून ओढून काढलं. आक्का, फार्मचा टोपीवाला साहेबसुद्धा पाहुण्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तिच्याकडे बघतो. आपल्या घराण्यात शिक्षणाने पुढे गेलेले पुष्कळ झाले, पण चाळीस जीव पाठीमागून चालत यावेत असं कोणाच्या नशिबी आलं? इंदुमतीबाई मात्र ओढणीचं टोक नाकाला लावून, भिजलेल्या मांजरासारखं एकेक पाऊल उचलत होत्या. त्यांना जरा सामील करून घ्यावं म्हणून मी गुंडाळीचं एक टोक त्यांच्या हाती दिलं. (त्यांचा मुलगा कृतीश थोडा मागे होता. त्याचं पुढे सांगते.)

पहिली एक हरीण आली आणि तिने पानाचा कोपरा चाखला. मला कौतुक वाटलं. मग तिने मागे वळून पाहिलं, आणि त्या पाहण्यात काय निरोप होता देव जाणे, सगळा कळप आला. त्यांच्यात शिंगं कापलेला एक म्हातारा नर, कापितेन त्याचं नाव, त्याने गुंडाळीच्या मधोमध तोंड घातलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बाबाजींची इंदुमती, आणि मधे कापितेन.

यश्ना लांबून म्हणाली, "आई, पानं सोड."

"सोडू काय? पंगत कशावर वाढू?"

"इंदुमावशी, तुम्ही तरी सोडा. आणि हलू नका, ती तुम्हाला काही करत नाहीत."

"मी कसली हलते बाई," इंदुमतीबाई म्हणाल्या, "माझ्या पायावर उभा आहे हा."

मी अगदी शांत होते. यश्ना धावली नाही, ओरडली नाही. मळीच्या पेंडीची बादली घेतली, दोनदा खडखडवली आणि पाठ करून चालू लागली. आणि तो सगळा कळप, तोंडात आमची पंगत लोंबत असलेला, तिच्यामागे पालखीमागे चालावा तसा निघाला. कापितेनसुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते भीतीचं नव्हतं.

इंदुमतीबाईंनी ओढणी नाकावरून काढली. मग म्हणाल्या, "सगळी ऐकतात हो हिचं. माझा एकुलता एक आहे, तो एक ऐकत नाही."

जेवण डाळपुरीवरच भाज्या वाढून झालं. इंदुमतीबाईंनी फणसाची भाजी तीनदा घेतली आणि हात धुताना मला म्हणाल्या, नोकरी सोडायची काही गरज नाही, उलट ज्या घरात ही जाईल त्या घराचं भाग्य. आक्का, हे मी शब्दन् शब्द लिहिते आहे, त्यात पदरचं काही नाही.

भावोजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शेवंती

ता. क. मी अगदी शांत होते असं वर लिहिलं आहे. यश्नाने वाचलं आणि म्हणते, फाटकाबाहेरची पोरंसुद्धा तुझं रामरक्षेचं पाठांतर ऐकत उभी होती. असेल.

आणखी एक. कृतीशचं सांगायचं राहिलं, किंवा मी राहू दिलं. पहिली हरीण आली तेव्हाच तो फाटकावरून उडी मारून गाडीत जाऊन बसला, काचा वर केल्या आणि तिथून आईला फोन केला. फोन तिच्या पर्समध्ये वाजत होता आणि पर्सला कापितेन हुंगत होता. सासू राजी झाली, पण यश्ना नाही म्हणते. तिचं म्हणणं, "जो आईला टाकून पळाला, तो माझ्यासाठी काय उभा राहणार?" तू तिची समजूत घाल असं लिहायला मी हे पत्र घेतलं होतं. रात्री अंथरुणावर विचार केला, तर समजूत कशाची घालायची ते मला सापडेना. मुलगी बरोबर आहे.

म्हणून खरी विनंती अशी की इंदुमतीबाईंना नकार तू कळव. स्थळ तू आणलंस, परत नेण्याचा मानही तुझाच. फक्त गोड शब्दांत सांग आणि एवढं सांभाळ: त्या गुरुवारी हरणांना चारायला एकट्याच येणार आहेत, मुलाला न सांगता. लग्न मोड, पण त्यांचं ते येणं मोडू नकोस. यश्नाने त्यांच्यासाठी बादली वेगळी काढून ठेवली आहे.